सीमा ओलांडली, पण शेजार तोच

प्रश्न: मॅडम, मी खानापूर तालुक्यातली, एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. निर्वासितांबरोबर काम करायची इच्छा आहे. समलिंगी आणि ट्रान्स माणसं जीव वाचवायला देश सोडतात, छावणीत पोचतात, तरी तिथंही त्यांच्यावर हल्ले होतात असं वाचलं. तिथं संयुक्त राष्ट्रांची माणसं असतात, पोलीस असतात, मग असं का होतं? आणि आपल्या भागातून या कामात जाणारीने आधी काय शिकावं?

उत्तर:

थोडक्यात सांगायचं तर, माणूस ज्यांच्या भीतीने पळतो ते लोकही बऱ्याचदा त्याच वाटेने, वेगळ्या कारणाने पळालेले असतात. लढाई पेटली की गावचा पाद्री निघतो, चुलता निघतो, दगड मारणारी पोरंही निघतात आणि सगळे एकाच छावणीत उतरतात. माळ नवा असतो, माणसं जुनीच असतात. पण एवढ्यावर थांबलं तर "लोकच वाईट, काय करणार" असं म्हणून मोकळं होता येतं. छावणी चालवायची जी पद्धत आहे ती या माणसांना आणखी उघड्यावर पाडते, आणि तिच्यात मात्र हात घालता येतो. म्हणून मी जास्त त्याबद्दल लिहिते.

मी बेळगावात समुपदेशन करते. त्याआधी काही वर्षं पूर्व आफ्रिकेत एका मदतसंस्थेत होते. छावणीतल्या एकट्या-दुकट्या माणसांच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे असायचं. खाली माझ्या अनुभवातलं जे आहे त्यातली जागा आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशीच ठेवली आहेत. काकुमाबद्दल जे लिहिते ते सगळं जाहीर झालेलं आहे.

काकुमा केनियाच्या वायव्य टोकाला, तुर्काना भागात. सुदानच्या यादवीतून पळालेल्या पोरांसाठी ही छावणी 1992 मध्ये वसली. आता शेजारची कालोबेयेई वसाहत धरून तिथं 3 लाखांच्या आसपास माणसं आहेत: दक्षिण सुदान, सोमालिया, काँगो, बुरुंडी, इथिओपिया, युगांडा. 2014 मध्ये युगांडाने समलिंगी संबंधांना जन्मठेप लावणारा कायदा केला आणि तिथून तरुण माणसं केनियाकडे यायला लागली. तो कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गणपूर्ती नसल्याच्या मुद्द्यावर न्यायालयात रद्द झाला. पण वर्तमानपत्रात ज्यांची नावं छापून आली होती त्यांनी परत कुठल्या तोंडाने जायचं? मग 2023 मध्ये त्याहून कडक कायदा आला, काही प्रकारांत थेट मृत्युदंड, आणि 2024 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्याचा बहुतेक भाग कायम ठेवला.

केनियाचा पेच असा की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं त्यांच्या दंडसंहितेचं कलम 162 अजून जिवंत आहे, शिक्षा 14 वर्षांपर्यंत. मे 2019 मध्ये नैरोबीच्या उच्च न्यायालयाने ते रद्द करायला नकार दिला. तरीही त्या भागात या कारणाने आलेल्यांना आश्रयार्थी म्हणून नोंदवून घेणारा देश म्हणून केनियाकडेच बघितलं गेलं. म्हणजे एका खिडकीवर "मी समलिंगी आहे, म्हणून जिवाला धोका आहे" असं सांगितलं तर संरक्षणाचा कागद मिळायची शक्यता, आणि पलीकडच्या पोलीस चौकीत तेच वाक्य कबुलीजबाब ठरायची भीती. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत 1930 पर्यंत आपली भारतीय दंडसंहिताच लागू होती, हे जाता जाता सांगते. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं तिच्यातलं कलम 377 आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं. बांगलादेशात ते त्याच आकड्याने अजून चालू आहे, आणि कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्या त्याच देशात आहेत.

आता छावणीतला दिवस कसा असतो ते बघ. आलेल्या माणसाची नोंदणी होते, बोटांचे ठसे घेतात, रेशनचं कार्ड निघतं, एका ब्लॉकमध्ये जागा मिळते. हे सगळं कुटुंब धरून आखलेलं असतं. घरातला एक पाण्याला जातो, एक रेशनच्या रांगेत, एक खोपटं राखतो. एकट्या माणसाला ही तिन्ही कामं एकट्याने करायची, आणि तो बाहेर पडला की मागे दार म्हणून लावलेला पत्रा उचकटलेला. पुरुषजोडपं असेल तर कार्डावर "चुलतभाऊ" लिहून घेतात. पुढे कुणा एकाला छावणीतून तिसऱ्या देशात कायमचं वसवायची वेळ आली की तोच "चुलतभाऊ" अडचणीचा होतो, कारण जोडीदार म्हणून नोंद कुठंच नाही.

माझ्याकडे येणारा एक मुलगा, तेवीस-चोवीसचा असेल. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ यायचं. त्याचा वीस लिटरचा पिवळा कॅन रांगेत लावला की कुणीतरी पायाने मागे सारायचं. तो परत पुढे आणायचा, ते परत मागे. कुणी मारायचं नाही, शिवीही नाही, फक्त कॅन मागे जायचा आणि नळ बंद व्हायच्या वेळी तो शेवटचा असायचा. शेवटी रेशनमधलं पीठ देऊन तो पाणी विकत घ्यायला लागला. महिन्याचं पीठ पंधरा-वीस दिवसांत संपायचं. मग पोटासाठी रात्री बाहेर पडायचा, आणि रात्री बाहेर पडला की मार खायचा. अहवालात फक्त "रात्री हल्ला" एवढीच नोंद होते. हल्ल्याची सुरुवात नळावर झाली होती हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ब्लॉकला एक पुढारी असतो, आपल्याकडे गल्लीला पंच असतात तसा. भांडण, चोरी, शेजाऱ्याची तक्रार आधी त्याच्याकडे जाते. बरेच पुढारी खरंच कष्टाळू असतात, पण ते निवडून येतात गल्लीच्याच मतांवर. ज्याला गल्लीने वाळीत टाकलंय त्याची बाजू घेऊन त्यांना काय मिळणार? म्हणून तक्रारीचा दुसरा रस्ता, पुढाऱ्याला वगळून थेट कार्यालयात येणारा, असायलाच लागतो. तोही असा, की त्या दारातून आत जाताना कुणी बघितलं तरी "हा कशाला आला" हे कळू नये. सगळ्यात बरं म्हणजे दवाखान्यातलंच एक टेबल. दवाखान्यात कुणीही जातं.

आणि दुभाष्या. माझ्या मते या माणसांच्या सुरक्षेत सगळ्यात कच्ची कडी हीच. हे बेळगावकराला समजवावं लागू नये. खानापूर-जांबोटीकडची म्हातारी दवाखान्यात येते, डॉक्टर कन्नडच बोलणारे, शेजारीण मध्ये बसून सांगते. पोटात दुखतं एवढं म्हातारी सांगेल, पण अंगावर जातंय हे शेजारणीच्या देखत सांगेल का? घरी जाऊन चौघींत ते फिरणार हे तिला पक्कं माहीत असतं. छावणीतला दुभाष्या असाच त्याच समाजातला, त्याच भाषेतला, कधीकधी त्याच ब्लॉकमधला असतो. मुलाखत घेणारा अधिकारी परका, त्याच्याजवळ तोंड उघडेल, पण मध्ये बसलेला गाववाला आहे. मग माणूस दुसरंच कारण सांगतो: जमिनीचा वाद, राजकारण, काहीही. वर्षभराने धीर करून खरं सांगितलं, तर फाइलवर शेरा पडतो, "जबाब बदलला."

यावर उपाय आहेत, आणि ते फार महाग नाहीत. दुसऱ्या देशात बसलेला दुभाष्या फोनवर घेता येतो. त्याला नाव न सांगता फक्त फाइलचा नंबर सांगायचा. बाई हवी की पुरुष, कुठल्या जमातीचा चालणार नाही, हे आधी विचारायचं. आणि "तुमचं कारण सांगा" म्हणून थेट सुरुवात करायच्या आधी इथलं काय बाहेर जातं, काय जात नाही हे सावकाश सांगायचं. ज्या कार्यालयात एवढं होतं तिथं खरी माहिती पहिल्या-दुसऱ्या भेटीत बाहेर येताना मी बघितली आहे.

1951 च्या निर्वासित करारात समलिंगी हा शब्द नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि "विशिष्ट सामाजिक गट" अशी पाच कारणं आहेत. हा दावा पाचव्यात बसतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने 2012 मध्ये त्यावर वेगळी मार्गदर्शक सूचनाच काढली. अडतं ते पुराव्यावर. माणूस समलिंगी आहे हे सिद्ध कसं करायचं? युरोपातही यात लाज वाटावी असे प्रकार झाले. चेक प्रजासत्ताकात अर्जदारांना अश्लील चित्रं दाखवून शरीराची प्रतिक्रिया मोजत होते, 2010 मध्ये त्यावर मोठी टीका झाली. 2014 मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने असल्या चाचण्या, खासगी संबंधांचे प्रश्न आणि व्हिडिओ मागणं बंद करायला सांगितलं, 2018 मध्ये मानसशास्त्रीय चाचण्यांच्या जोरावर निकाल देण्यालाही चाप लावला. त्याआधी 2010 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने इराण आणि कॅमेरूनच्या दोघांच्या प्रकरणात ठरवलं होतं, की "परत जा आणि लपून राहा" असं कुणाला सांगता येणार नाही. तिथले बॅरिस्टर एस. चेल्वन यांनी मुलाखतीसाठी एक चौकट दिली आहे: वेगळेपण, कलंक, लाज आणि इजा, या चार अंगांनी आयुष्याबद्दल विचारायचं, शय्येबद्दल नाही. ती चौकट आधी शिकून घे. मात्र चौकटीचाही साचा होतो. लाज वाटलीच नाही असं सांगणारा भेटतो तेव्हा काही अधिकारी गोंधळतात.

बायकांचं प्रकरण आणखी अवघड. नवरा आहे, दोन मुलं आहेत, मग तुम्ही लेस्बियन कशा, हा प्रश्न मी समंजस अधिकाऱ्यांच्याही तोंडून ऐकला आहे. आपल्या गावांत किती मुलींना न विचारता लग्नाला उभं केलं जातं हे बघितलेल्या कुणाला तो प्रश्न पडू नये. अशी बाई छावणीत "विधवा" किंवा "टाकलेली" म्हणून राहते, मुलांमुळे तिला थोडी इज्जत असते, आणि दावा मांडला तर मुलं जातील ही भीती. म्हणून आकड्यांत लेस्बियन बायका फार कमी दिसतात. आकड्यावरून त्या नाहीतच असं समजू नकोस.

आणखी एक गोष्ट अर्जात नेहमी येते: देशातच दुसरीकडे का गेला नाहीस? आपल्याकडे या प्रश्नाला अर्थ आहे. निपाणीच्या मुलाला घरच्यांनी कोंडलं तर तो रातोरात कोल्हापूर किंवा पुणे गाठतो, इकडून बंगळूर. घरचे "हरवला" म्हणून तक्रार देतात, दोन राज्यांचे पोलीस फोनाफोनी करतात, पण सज्ञान माणूस स्वतः चौकीत उभा राहून "मी मर्जीने आलोय" म्हणाला की कायदा त्याच्या बाजूने असतो. निदान असायला हवा. जिथं कायदाच गुन्हा म्हणतो, तिथं एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेलं तरी तेच कलम. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे देश आजही 60 हून अधिक आहेत.

या लोकांना छावणीत एकत्र ठेवावं की विखरून, यावर तू कितीतरी मतं ऐकशील. एकत्र ठेवलं तर एकमेकांचा आधार, गस्त घालायला सोपं, पण सगळ्या छावणीला पत्ता कळतो. विखरून ठेवलं तर कुणाला कळत नाही, पण मध्यरात्री हाक मारायला कुणी नाही. काकुमात दोन्हीची झळ बसली. डिसेंबर 2018 मध्ये हल्ल्यांनंतर सुमारे दोनशे जणांना नैरोबीला हलवलं. राजधानीत रेशन नाही, घरभाडं मात्र आहे. मार्च 2021 मध्ये काकुमात हे लोक झोपलेल्या ठिकाणी पेट्रोल टाकून आग लावली गेली, भाजलेल्यांपैकी एक तरुण पुढे दगावला. माझं स्वतःचं मत, थोड्या जणांसाठी, थोड्या दिवसांसाठी, पत्ता गुप्त असलेली जागा हवी, कायमची वेगळी वस्ती नको. बर्लिनने 2016 मध्ये ट्रेप्टो भागात या लोकांसाठी वेगळं निवासस्थान काढलं, ते तिथं शोभतं. बाहेर पडलं की शहर आहे, नोकरी आहे, आणि कायदा विरोधात नाही. वाळवंटातल्या छावणीत तसंच कुंपण घातलं तर ते नुसतं नेम धरायला सोपं.

ट्रान्स माणसांबद्दल: कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळत नाही, म्हणून प्रत्येक खिडकीवर वाद. झडती बाईने घ्यायची की पुरुषाने, संडास कुठला. संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा, एवढ्याने किती मारहाण टळते हे कागदावर दिसत नाही. चालू असलेली हॉर्मोन्सची औषधं बंद पडतात. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, पण ज्या दिवशी त्या रांगेत उभं राहायला भीती वाटते त्या दिवशी चुकतात.

आता एक नाजूक गोष्ट. छावणीत पक्कं बोललं जातं, की "गे म्हणून सांगितलं की कॅनडा मिळतो." वस्तुस्थिती अशी, की जगभरातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी एक टक्कासुद्धा तिसऱ्या देशात जात नाहीत, आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने निर्वासित घेणं थांबवल्यावर तो रस्ता आणखी आवळला. त्याच वर्षी मदतीचा पैसा आटला आणि केनियातल्या छावण्यांत रेशन कापलं गेलं. पोटाला कमी पडलं की "त्यांनाच वेगळं मिळतं" ही कुजबूज वाढते. खोटे दावे नसतात असं मी म्हणणार नाही, जमिनीच्या दाव्यांत असतात तसे यातही असतात. पण या अफवेने दोन नुकसान होतात. बाकी छावणी चिडते, आणि आतल्या आतही "खरा कोण, खोटा कोण" सुरू होतं. त्यात काही जण जखमांचे व्हिडिओ टाकून परदेशातून पैसे मागवतात, मग त्या पैशावरून गट पडतात. परदेशातल्या सहानुभूतीदारांना मी नेहमी हेच सांगायचे की एका चेहऱ्याला पैसे पाठवू नका. ते कुणाला पटायचं नाही. चेहरा दिसल्याशिवाय खिसा उघडत नाही, काय करणार.

भारताचं म्हणशील तर आपण 1951 च्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांचं सरकार बघतं. हुबळीच्या पलीकडची मुंडगोडची तिबेटी वसाहत तू बघितली असशील. अफगाण, म्यानमारचे वगैरे दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे नोंदणी करतात. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या 1996 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याचा हक्क परक्या माणसालाही आहे असं सांगितलं, वकील अजून त्याच निकालाला धरून असतात.

पण शिकायला आधी दिल्लीला जायची गरज नाही. ऑगस्ट 2019 चा पूर आठव. मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा तिन्ही फुगल्या होत्या, शाळाशाळांत माणसं आणून ठेवली होती. त्यातल्या एका शाळेत यल्लम्माची एक जोगाप्पा होती, म्हणजे देवीला वाहिलेली, बाईच्या वेशात राहणारी ट्रान्स व्यक्ती, गुरू आणि दोन चेल्यांबरोबर राहणारी. बायकांच्या वर्गात बायकांनी घेतलं नाही, पुरुषांच्या वर्गात ती गेली नाही. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकखोलीपुढे पोतं अंथरून झोपायची, आणि कुणी उठायच्या आत अंधारात बोरिंगवर अंघोळ उरकायची. सरकारने कुटुंबामागे तातडीची दहा हजारांची मदत दिली, तेव्हा यादीत ही चौघं कुठल्याच कुटुंबात बसेनात. रेशन कार्ड नाही, घर दुसऱ्याच्या नावावर. यादी करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईने "माझ्याकडे भाड्याने राहतात" म्हणून लिहून दिलं तेव्हा काम पुढे सरकलं. काकुमात नोंदणीच्या खिडकीवर जे होतं ते याहून फार वेगळं नाही.

तेव्हा शेवटच्या वर्षाची प्लेसमेंट इथंच घे. कुणा ट्रान्स व्यक्तीबरोबर ओळखपत्राच्या अर्जासाठी कचेरीत खेटे घाल, कुठल्या टेबलावर सगळ्यांदेखत काय विचारतात ते टिपून ठेव. टिपताना नाव लिहू नकोस, खूण लिही, आणि फोनमध्ये फोटो तर अजिबात नको, फोन कुणाच्याही हाती लागतो. मराठी-कन्नडमध्ये मध्ये बसून सांगायचं काम महिनाभर दवाखान्यात कर, म्हणजे दुभाष्याच्या खुर्चीवरून ऐकू काय येतं ते कळेल. इंग्रजी तुला येतेच. पूर्व आफ्रिकेत जायचं मनात असेल तर स्वाहिली आत्तापासून सुरू कर, कामापुरती लवकर जमते. बुरुंडी-काँगोच्या माणसांसाठी फ्रेंचही लागेल, पण ती नंतर.